बोरीच्या ओढ्यातला दगडी बत्तासा

मी बत्तासा बोलतोय. तोंडात टाकायचा नव्हे. चावायला जाल तर दात जाईल. मी दगडाचा आहे. आकार मात्र जत्रेतल्या बत्ताशासारखाच: खाली सपाट, वर फुगीर, आणि पाठीवर पाच पाकळ्यांचं नाजूक फूल. हे फूल कुणी कोरलेलं नाही. ते मी जन्माला येतानाच घेऊन आलो.

माझा जन्म समुद्रातला. किती वर्षं झाली ते विचारू नका, कारण मोजायला तेव्हा माणूसच नव्हता. तळाच्या वाळूत अर्धवट पुरून घेऊन मी राहायचो. अंगावर केसांसारखे बारीक काटे होते. मेलो, काटे झडले, पोटात गाळ भरला, वरही गाळ साचला आणि सावकाश मी दगड झालो. मग कधीतरी तापलेला खडक लोण्यासारखा वाहत आला, थिजला, काळा झाला. त्याच्याखाली मी झोपून राहिलो.

बीड जिल्ह्यातल्या काळ्या दगडाच्या मुलखात, समुद्रापासून इतक्या लांब मी कसा, हे कोडं मोठमोठ्या विद्वानांना पडलं आहे. मलाही पडलं आहे. झोळीतल्या लेकराला आईनं कुठल्या वाटेनं आणलं, हे कुठं ठाऊक असतं?

जाग आली ती बोरीच्या ओढ्यात. चौसाळ्याकडून डोंगराच्या अंगाला निघालं की एक वाडी लागते, तिला खेटून हा ओढा वाहतो. एका पुरानं मला माझ्या थरातून उपटलं, गडगडत खाली आणलं आणि माझ्या दोन पाकळ्या झिजवून टाकल्या. पुढं कितीतरी पावसाळे मी धुण्याच्या धोंड्यापाशी पडून होतो. वाडीतल्या बाया धुणं झालं की मला उचलायच्या, टाचा घासायच्या आणि फेकून द्यायच्या. माझं फूल खरखरीत, त्यामुळं टाच लख्ख निघायची. एवढ्या वर्षांत एकीनंही मला उलटून पाहिलं नाही.

पाहिलं ते सत्यभामेनं.

साल बहात्तरचं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. ओढ्यात परातीएवढं डबकं उरलं होतं. सत्यभामा असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. नवरा शहादेव कोयता घेऊन ऊसतोडीला नगरकडं गेलेला. सासू भिवराबाईला गुडघ्यांमुळं चालवत नव्हतं, म्हणून ही मागं राहिली आणि तलावाच्या दुष्काळी कामावर जाऊ लागली. दिवसभर मातीची घमेली वाहायची, तिथं वाटली जाणारी सुकडी, भाजक्या पिठाचा गोड भुगा, पदरात बांधून घरी यायची.

त्या दिवशी टाच घासता घासता तिचा हात थांबला. तिनं मला डबक्यात बुचकळलं, उन्हात धरलं आणि बोटानं माझी एकेक पाकळी चाचपली.

"अगं बाई," ती पुटपुटली, "तुला कुणी रं घडवलं?"

उत्तर द्यावंसं फार वाटलं. पण दगडाला तोंड नसतं. तिनं मला चंचीत टाकलं, सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी. तेव्हापासून ती जाईल तिथं मी तिच्या कमरेला. म्हणून पुढचं सगळं मी ऐकून नव्हे, हजर राहून सांगतोय.

माझ्यासारखे आणखी असतील का, याचा तिला नादच लागला. तलावाकडं जायची वाट सोडून ती ओढ्यातून जायची, येताना ओढ्यातूनच यायची. नजर खाली. दुसऱ्या आठवड्यात माझा एक भाऊ सापडला, मग दोन, मग एक शिंपला सापडला, दोन्ही झाकणं मिटलेला आणि तोही दगडाचाच.

भिवराबाई कपाळावर हात मारायची. "लोकाच्या सुना सरपण आणत्यात, आमची दगडं आणती! कावून गं आणतीस? शिजतेत का ते?"

"शिजत न्हाईत, आत्याबाई. पण लई गोड दिसत्यात."

"दिसण्यानं पोट भरलं असतं तर मी आरशात बघून जेवले असते."

सत्यभामेला लिहिता येत नव्हतं. पण कोणता बत्तासा कुठं सापडला, हे विसरायचं नव्हतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. घराच्या मातीच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर तिनं लांबलचक कट्टी, मातीची अरुंद फळीच म्हणा, लिंपली. भिंतीचं डावं टोक म्हणजे ओढ्याचं खालचं अंग, उजवं टोक म्हणजे डोंगराकडचं. धुण्याच्या धोंड्याजवळचे बत्तासे मधोमध, म्हसोबाच्या वळणावरचे त्यांच्या उजवीकडं, बोरीच्या झाडाखालचे त्यांच्याही उजवीकडं. अख्खा ओढा तिनं भिंतीवर मांडला. फाल्गुन सरेपर्यंत आम्ही एकेचाळीस जण तिथं बसलो होतो. त्यांतला पहिला मी, कामाला जाताना मात्र चंचीत.

चैत्रात शहरातल्या एका कॉलेजची मुलं श्रमदानाला आली आणि तलावापाशी त्यांनी राहुट्या ठोकल्या. त्यांच्याबरोबर एक प्राध्यापक होते, दगड-मातीचा अभ्यास शिकवणारे. गोल टोपी, गळ्यात भिंग, कमरेला छोटी हातोडी. जेवणाच्या सुट्टीत सत्यभामेनं मोठ्या आशेनं मला त्यांच्यापुढं धरलं.

भिंगातून मला पाहताना त्यांचा श्वास रोखला गेला, हे मला जाणवलं. "हा तर समुद्रातला जीव! कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. बाई, हा कुठून आणलात?"

"हितल्याच वढ्यातून, सायेब. अजून चाळीस हायेत घरी."

त्यांचा चेहरा उतरला. "शक्य नाही. हा सगळा प्रदेश आगीतून निघालेल्या खडकाचा. यात समुद्री जीव सापडत नाहीत. असे दगड दूर नर्मदेकडं मिळतात. कुणी यात्रेकरूनं आणले असतील, नाहीतर कुणा व्यापाऱ्यानं."

"न्हाई सायेब, मी सोता येचलेत."

"बाई, खोटं बोलून काय मिळणार आहे तुम्हाला?"

सभोवार शंभर माणसं बसलेली. कुणीतरी फिस्सकन हसलं. सत्यभामेनं मला परत घेतलं. तिच्या मुठीला सुटलेला घाम मला आजही आठवतो. उपाशी राहणं तिला माहीत होतं, खोटी ठरणं माहीत नव्हतं.

घरी येऊन ती भिंतीपुढं बसून राहिली. न जेवता. शेवटी भिवराबाईच गुडघे धरत तिच्याशेजारी येऊन टेकली. नजर अधू झालेली, म्हणून ती एकेक बत्तासा हातानं चाचपू लागली, डावीकडून उजवीकडं.

"ह्ये डाव्या अंगाचे पार गुळगुळीत झालेत," म्हातारी म्हणाली. "उजवीकडचे बघ, नवं जातं टाकी लावून आणल्यावानी खरखरीत. पाकळ्या कशा ताज्या हायेत."

सत्यभामेनं मान वर केली.

"आत्याबाई, पुन्हा म्हना."

"काय म्हनू? खालचे झिजलेत, वरचे कोरे हायेत. लांबून आलेला मानूस झिजतो, जवळचा न्हाई झिजत."

सत्यभामा ताडकन उठली. भिंतीच्या उजव्या टोकाला शेवटचा बत्तासा होता तो सीताफळीच्या झाडांच्या बेटाजवळचा, सगळ्यांत कोरा. त्याच्या पुढं कट्टी रिकामी. बेटाच्या वर ती दहा वेळा जाऊन आली होती. तिथं कधी एकही सापडला नव्हता. म्हणजे आमचं घर त्या बेटापाशीच होतं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सीताफळीच्या बेटापाशी पोचली. ओढ्याची दरड तिथं सरळ कापलेली. वर काळा खडक, आणि अगदी तळाशी, वाळूत अर्धवट बुडालेला, पिवळट मऊ मातीचा वीतभर पट्टा. तिनं खुरप्यानं थोडं उकरलं आणि बोटं आत घातली. माती गार लागली. भर वैशाखाच्या तोंडावर, सगळं रान फुफाट्यागत तापलेलं असताना, ती माती गार! त्याच जागी हरळीची दोन बोटं हिरवी पट्टी होती. वाडीतल्या शेळ्या सगळं रान सोडून तिथंच का घुटमळतात, हे तिला आत्ता उमगलं.

तिला आमचं घर हवं होतं. पण त्या गार मातीनं तिच्या मनात दुसरंच काहीतरी पेरलं.

वाडीची तेव्हा काय दशा होती, ते सांगायला हवं. मांजरसुंब्याकडून चौथ्या दिवशी टँकर यायचा, तोही आला तर. आडात खरवडून घागर भरायला अर्धा दिवस जायचा. सरकारनं वाडीच्या सोसायटीमार्फत एक विहीर मंजूर केली होती. एकच. खोदायला दुष्काळी कामावरचीच माणसं मिळणार होती, पण जागा चुकली तर दुसरी विहीर नव्हती.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. घरचं पन्नास एकर रान, आवाज पहाडी, मन वाईट नाही पण स्वतःवरचा भरवसा जरा जास्त. त्यांनी धारूरकडून पाणाड्या आणला होता. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानोमाळ फिरला आणि नारळ उभा राहिला तो नेमका सुंदररावांच्याच मळ्यात.

सोसायटीच्या ओट्यावर सभा भरली. पस्तीसेक सभासद, सगळे फेटे आणि टोप्या. बायका खाली, लिंबाच्या सावलीत. सुंदररावांनी मळ्यातली जागा सांगितली, माना डोलल्या. तेवढ्यात सत्यभामा उभी राहिली.

"आप्पा," ती सुंदररावांना म्हणाली, "म्हाजं एक आयकावं."

"सभासद नसलेल्यांनी सभेत बोलायचं न्हाई, बाई. कायदा हाय."

मग कुठूनतरी काठीचा टकटक आवाज आला. भिवराबाई! नवऱ्याच्या माघारी त्याचा सोसायटीतला शेअर तिच्या नावावर झाला होता. वर्षानुवर्षं ती सभेला फिरकली नव्हती. आज ओट्याच्या पायऱ्या एकेक करून चढली आणि सुंदररावांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"सुंदर, मी सभासद हाय का न्हाई?"

"हाय की, काकू."

"मग मी बोलनार. पर म्हाजे दात पडलेत, शब्द सटकतेत. म्हाज्या वतीनं सून बोलंल. कायद्यात बसतंय का?"

ओट्यावर हशा पिकला. सुंदररावही हसले. "बसवू, काकू. बोल गं."

सत्यभामेनं चंचीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सभेपुढं आलो. तिनं भिंतीचं सांगितलं, झिजलेल्या आणि कोऱ्या बत्ताशांचं सांगितलं, गार मातीचं सांगितलं.

"काळा दगुड पानी पीत न्हाई, आप्पा. पर त्याच्याखाली ह्यो मऊ थर हाय. ह्ये बत्तासे त्याच थरातून आलेत, म्हंजी थर लांबवर आत गेलाय. वढा इतकी वर्सं व्हायला, त्याचं पानी मुरलं कुठं? त्यातच."

"आणि ती जागा गायरानातली हाय," खालून एक बाई ओरडली. "पानी काढाया कुनाला इचारावं लागनार न्हाई!"

सुंदररावांच्या भुवया चढल्या. पण त्यांनी आसारामकडं पाहिलं. आसाराम तात्या म्हणजे सात गावांच्या विहिरी खोदलेला म्हातारा. त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं मला उचललं, नखानं खरवडलं, जिभेला लावलं. बिचकलो मी!

"दगड वाळलेला हाय, पर जिभंला चिकटतोय," तो म्हणाला. "असल्या थरात पानी ऱ्हातं. चेअरमन, आठ दिवस बाईच्या जाग्यावर पहार मारू द्या. न्हाईच लागलं तर नवव्या दिवशी तुमच्या मळ्यात."

"आठ दिवस," सुंदरराव म्हणाले. "नववा न्हाई."

दरडीपासून मागं, गायरानात, पंधरा पावलांवर आखणी झाली. वरचा मुरूम दोन दिवसांत निघाला. मग काळा खडक. सुरुंगाचे बार, धूर, पुन्हा पहार. सत्यभामा घमेल्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढं. तिच्या तळव्यांवरचे फोड फुटले, त्यावर तिनं चुना लावला, आणि ती चंची उघडायची तेव्हा प्रत्येक वेळी मला क्षणभर मुठीत धरायची. सहावा दिवस गेला, खडक संपेना. सुंदरराव दररोज काठावर येऊन उभे राहायचे.

सातव्या दिवशी दुपारी आसारामची पहार 'खण्ण' वाजायच्या ऐवजी 'धप्प' वाजली.

"थर!" खालून हाक आली.

सत्यभामा दोराला धरून उतरली, मी तिच्या कमरेला. आणि काय सांगू तुम्हाला! पिवळ्या भिंतीत, जसेच्या तसे, पाचही पाकळ्या उमललेले माझे भाऊबंद! एक, दोन, सात, मग मोजदाद सुटली. शेजारी मिटलेले शिंपले. ज्या घरात मी कोट्यवधी वर्षं झोपलो होतो, त्या घराच्या दारात मी पुन्हा उभा होतो. मला रडता येत असतं तर विहिरीला पहिलं पाणी माझंच लागलं असतं.

पण पाणी नव्हतं. माती ओली, घट्ट, चिकट, आणि बस्स.

"बत्तासे गावले," वरून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "आता चघळा!"

सत्यभामेनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं तलावावरच्या राहुट्यांकडं निरोप धाडला: "सायबाला म्हनावं, खोटं कसं असतं ते बघाया या."

आठव्या दिवशी सकाळी प्राध्यापक आले. काठावरून त्यांनी खाली पाहिलं, टोपी काढून एका मुलाच्या हातात दिली आणि कुणी काही म्हणायच्या आत दोराला धरून उतरू लागले. पन्नाशीचा माणूस, पायात बूट. तळाशी पोचले, भिंग डोळ्याला लावलं, भिंतीला नाक टेकवलं. शेजारी आसाराम थराचा तळ गाठायला पहार मारतच होता.

"बाई," शेवटी खालून आवाज आला. "हे कुणी आणून टाकलेलं नाही. हे इथलंच आहे. माझी चूक झाली. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं म्हणालो, सगळ्यांसमोर माफी मागतो."

विहिरीच्या काठावर शंभर माणसं वाकून बघत होती. सत्यभामेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती काही बोलणार, एवढ्यात खालून प्राध्यापक किंचाळले.

"अहो, माझे बूट! माझे बूट भिजले! पाणी! पाणी आलं!"

आसारामची पहार थरातून आरपार जाऊन खालच्या काळ्या खडकाला भिडली होती, आणि त्या सांध्यातून, चारी बाजूंनी, पाझर फुटले होते. आधी घाम फुटावा तसे, मग बोटाएवढे, मग मनगटाएवढे. प्राध्यापक दोर धरायचं सोडून भिंतीतले बत्तासे वाचवायला धडपडत होते. आसाराम ओंजळीनं पाणी पीत होता आणि हसत होता. शेवटी दोघांना ओढून काढलं, तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं.

मग जो गलका झाला! बाया फुगड्या घालू लागल्या, हलगी कुठून आली कळलं नाही. भिवराबाईला खुर्चीसकट उचलून आणलं. पहिली बादली वर आली. सुंदररावांनी ती स्वतः धरली. सगळ्यांना वाटलं, चेअरमन आधी पिणार. पण त्यांनी बादली सत्यभामेपुढं केली.

"घे बाई. म्हाजा नारळ खोटा, तुजा बत्तासा खरा."

संध्याकाळपर्यंत पाणी दीड परस, म्हणजे दीड माणूस उंच, चढलं. त्या उन्हाळ्यात वाडीला टँकर पुन्हा आला नाही. आजूबाजूच्या तीन वस्त्या त्याच विहिरीवर जगल्या. पुढच्या सभेत सोसायटीनं सत्यभामेला सभासद करून घेतलं. ठराव सुंदररावांनीच मांडला. सही करायला हवी म्हणून ती आपलं नाव लिहायला शिकली, आणि मग तेवढ्यावर थांबली नाही.

प्राध्यापकांनी बत्तासे मागितले, तेव्हा तिनं दोन अटी घातल्या. भिंतीवर होते त्याच क्रमानं मांडायचे आणि कुणी वेचले ते लिहायचं. त्यांनी दोन्ही पाळल्या. निरोपाच्या दिवशी तिनं चंची उघडली आणि मलाही त्यांच्या हातावर ठेवलं. "ह्याला जपा. ह्यो पहिला."

तेव्हापासून मी या कॉलेजात, काचेच्या कपाटात आहे. मऊ कापसावर बसतो, पाऊस लागत नाही, टाच लागत नाही. लांबलांबचे विद्वान येतात, मला उलटंपालटं करतात, आपसांत भांडतात. समुद्र इथवर आला होता का, आला तर कोणत्या वाटेनं, यावर त्यांचं अजून एकमत नाही. भांडू द्यात. मला मजा वाटते.

परवा मात्र वेगळीच माणसं आली. एसटीनं उतरलेल्या अकरा बाया, हातात डब्यांच्या पिशव्या. सगळ्यांत पुढं एक म्हातारी, केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. ती कपाटांच्या रांगेतून सरळ माझ्यापाशी आली आणि काचेवर तळवा ठेवला.

"आजी, काचेला हात लावू नका," शिपाई म्हणाला. "फार मोलाची वस्तू आहे."

"ठाऊक हाय मला."

"कोण तुम्ही?"

माझ्यापुढच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं: "शोध... सत्यभामा शहादेव मिसाळ." मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं.

शिपायानं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मला उचलून त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं. मागून बाकीच्या दहाही बाया पुढं सरसावल्या, "मला बघू दे, मला बघू दे" म्हणत.

त्या तळहातावर किती वेळ होतो, मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की समुद्रात होतो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता माझं सांगून झालं. कधी या बाजूला आलात तर मला बघायला जरूर या. पण एक विनंती आहे: आधी चिठ्ठीवरचं नाव वाचा, मग माझ्याकडं बघा.